सायकलीची खोड

आधी माफी मागतो. आपल्या कामाविषयी दिवाळी अंकात लिहायचं, तर माणसाचे केस त्या कामात पांढरे झालेले असावेत, असं मला वाटतं. आमच्या कॉलेजच्या वाचनालयात असे अंक येतात. त्यात निवृत्त पोस्टमास्तर लिहितात, दवाखान्यातल्या सिस्टर लिहितात, आयुष्यभर एसटी चालवलेले ड्रायव्हर लिहितात. मी कला शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझं काम म्हणजे 'कमवा आणि शिका' योजनेतलं, कॉलेजच्या सायकल स्टँडवरचं. त्याला नोकरी म्हणायचं की नाही, तेही मला नक्की माहीत नाही. आमच्या घरातून माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नाही आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपलीकडे मी कधी काही लिहिलेलं नाही. तेव्हा जे कमीजास्त होईल ते सांभाळून घ्यावं.

तरीही लिहायला बसलो, कारण गेल्या वर्षी आमच्या स्टँडवरून एक सायकल गेली आणि तिच्यापायी माझं शिक्षण जायची वेळ आली होती. शेवट बरा झाला, हे आत्ताच सांगून टाकतो. मी आजही सकाळी त्याच स्टँडवर असतो. त्या दिवसांत मला जो घोर लागला होता, तो वाचणाऱ्याला लागू नये.

आमचं कॉलेज नगरला सावेडीच्या बाजूला आहे. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण तोंडात नगरच येतं. स्कूटर-मोटारसायकलींचं पार्किंग कॉलेजच्या दर्शनी बाजूला आहे, तिथे कॅमेरा आहे. सायकलींचं स्टँड मागच्या बाजूला आहे, तिथे उस्मानचाचा आहेत. चाचांचं पूर्वी बाजारात भाड्याने सायकली देण्याचं दुकान होतं. घरोघरी गाड्या आल्या तसं भाड्याने सायकल नेणारं कुणी उरलं नाही. मग ते स्टँडवर आले. मी पाथर्डी तालुक्यातला, म्हणून पहिल्या दिवसापासून ते मला 'पाथर्डी' म्हणूनच हाक मारतात. माझं नाव विष्णू आहे हे त्यांना माहीत आहे, पण उपयोग नाही.

लोकांना वाटतं, स्टँडवर काम म्हणजे खुर्ची टाकून बसायचं. मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्याच आठवड्यात चाचांनी विचारलं, "सायकल चोरायची झाली तर कशी चोरशील, पाथर्डी?"

"कुलूप तोडून," मी म्हणालो.

"मग तू उपाशी मरशील. कुलूप तोडायला हातोडी लागते, हातोडीचा आवाज होतो, आवाजाला माणसं जमतात. चोराला माणसं कशाला पाहिजेत?"

चोराचं तंत्र इतकं साधं असेल, असं मला वाटलं नव्हतं. सायकलीच्या मागच्या चाकाला गोल कुलूप असतं. चोर एका हाताने सीट धरून ते चाक उचलतो आणि पुढच्या चाकावर सायकल ढकलत शांतपणे निघतो. बघणाऱ्याला वाटतं, बिचाऱ्याची चावी हरवली. चाचांच्या दुकानासमोरून असाच एक जण घामाघूम होऊन सायकल नेत होता, तर शेजारच्या रसवंतीवाल्याने त्याला थांबवून पाणी पाजलं, दोन मिनिटं सावलीत बसवलं. सायकल रसवंतीवाल्याच्या मेव्हण्याची होती. हे सांगताना चाचा अजूनही हसून हसून खोकतात.

म्हणून आमच्या स्टँडवर चाक उचलून निघालेल्या प्रत्येकाला थांबवतात. आणि मग चाचांचा एकच प्रश्न असतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी चक्रावलो होतो.

एक चांगल्या कपड्यातला मुलगा होता. चाचा म्हणाले, "ओ साहेब, जरा थांबा की. सायकल तुमची का?"

"माझीच. चावी हरवली."

"हरवते, हरवते. काय काय बिघाड हाय हिच्यात?"

"बिघाड? काही नाही. एकदम मस्त आहे."

"मग ठेवा खाली. तुमची नाही ती."

मुलाने सायकल ठेवली आणि मागे न बघता निघून गेला. तीच गोष्ट दुसऱ्या एका मुलीची. तिचीही चावी हरवली होती. चाचांनी प्रश्न विचारताच ती कमरेवर हात ठेवून सुरू झाली, "काय काय सांगू? उजवा ब्रेक लागत नाही, डावा लागला तर सुटत नाही. चेन पडते. खड्ड्यातून गेलं की सीट तोंड फिरवून बसतं."

"बस, बस! घेऊन जा, बाई. अजून थांबलीस तर मलाच दुरुस्त करून मागशील."

चाचांचं म्हणणं असं, की सायकल चांगली आहे हे कुणालाही लांबून दिसतं. तिची खोड कळायला ती रोज चालवावी लागते. तीन वर्षांत मी ही परीक्षा फसलेली पाहिली नाही.

पण गर्दीच्या वेळी प्रत्येकाला कसं विचारणार? तास सुटला की एकदम लोंढा येतो. त्यामुळे स्टँडचा दुसरा नियम असा, की जो चावीने कुलूप उघडतो त्याला अडवायचं नाही. चोराकडे सगळं असतं, चावी तेवढी नसते. या नियमावर माझा फार विश्वास होता. पुढे त्यानेच मला गोत्यात आणलं.

स्टँडवर विचित्र माणसंही येतात. सावेडीतले एक गृहस्थ आपल्या मुलाच्या गिअरच्या सायकलीचं पुढचं चाक हातात घेऊन आले होते. त्यांनी जाड साखळी आणून ते चाक आमच्या खांबाला बांधलं होतं. अशा महागड्या सायकलींचं चाक हाताने खटका फिरवला की निघतं. चोराने ते चाक खांबालाच ठेवून बाकीची सायकल नेली होती. गृहस्थ आम्हाला म्हणाले, "मी साखळी परदेशी घेतली होती हो!" चाचा गंभीरपणे म्हणाले, "साखळी सलामत हाय, साहेब."

आणि आमचे निवृत्त इंग्रजीचे सर. ते वाचनालयात सायकलवर येतात आणि पुस्तकाच्या नादात रिक्षाने घरी जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन येतो, "चाचा, घरासमोरून सायकल चोरीला गेली." चाचा म्हणतात, "सापडली, सर. चोर पकडून बांधून ठेवलाय. येऊन घेऊन जा." सर येतात, सायकल पाहतात आणि चोर कुठे आहे हे विचारायला दर वेळी विसरतात.

गेलेली सायकल जाते कुठे, हा प्रश्न मला सगळे विचारतात. चाचांच्या मते चोर पाहून ते ठरतं. एक असतो ज्याची शेवटची बस चुकलेली असते. तो सायकल घेतो, गावाच्या वेशीपर्यंत जातो आणि तिथे टाकून देतो. अशी सायकल चार दिवसांत सापडते. दुसरा दारूसाठी चोरतो. तो भंगारवाल्याकडे जातो, तिथे सायकलीचं लोखंड होतं. ती पुन्हा दिसत नाही. तिसरा मात्र धंदेवाईक. तो बंगल्यांसमोरच्या गिअरच्या सायकलींवर नजर ठेवतो. त्याची सायकल टेम्पोत पडून दुसऱ्या शहरात जाते, हँडल एकीचं, सीट दुसरीचं असं करून, पुसटसा रंग मारून, पांढऱ्या भिंतीसमोर तिचा फोटो काढून मोबाईलवर विकली जाते. प्रत्येक सायकलीची पायडलं जिथे बसवतात तिथे, फ्रेमच्या खालच्या बाजूला एक नंबर ठोकलेला असतो. चोर तो कानशीने घासून टाकतो. खरं तर घासण्याचीही गरज नसते, कारण आपल्या सायकलीचा नंबर कुणाला पाठ असतो? पोलीस चौकीत गेलं तर पहिल्यांदा नंबर विचारतात आणि माणूस घरी परत येतो.

आता माझ्या सायकलीकडे येतो. म्हणजे सुषमाच्या.

सुषमा माझ्या वर्गात आहे. शहराजवळच्या एका गावातून ती रोज सायकलवर येते. तिची सायकल निळी, शाळेत असताना मुलींना सरकारी योजनेतून मिळते तसली. आमच्या स्टँडवर अशा निळ्या सायकलींची रांगच्या रांग असते. सगळ्या एकाच छापाच्या, कुलपंही सारखीच. पण सुषमाने तिची फार जपली होती. दर रविवारी पुसायची आणि तिने एक नवी घंटी बसवली होती. ती वाजली की चाचा म्हणायचे, "आग लागली का कुठे?"

दसरा झाल्यानंतरच्या एका रविवारी आमच्या कॉलेजात बाहेरच्या कुठल्याशा भरतीची परीक्षा होती. आम्ही फक्त केंद्र होतो. गावोगावची मुलं आली होती, जीपने, बसने, मोटारसायकलींवर, काही सायकलींवर. सुषमा राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे त्यांना पाणी द्यायला आली होती. परीक्षा सुटली आणि सगळे एकदम फाटकाकडे आले. चाचा आत रांगा सोडवत होते, मी फाटकावर उभा होतो. कोण चाक उचलून चाललं आहे का, तेवढंच बघत होतो. कुणीच चाललं नाही. प्रत्येकाने कुलूप उघडलं, टांग मारली आणि गेला.

संध्याकाळी सुषमा पाण्याची पिंपं धुऊन आली, तर तिची सायकल जागेवर नव्हती. स्टँडवर काही सायकली होत्या, पण परीक्षेनंतर अशा चार-दोन मागे राहतातच. कुणाची पंक्चर होते, मग तो ती ठेवून मित्राबरोबर गाडीवर जातो आणि सवडीने येतो. आम्ही सगळीकडे शोधलं. ती रडली नाही. फक्त चावी हातात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "चावी तर माझ्याकडे आहे. मग ती गेली कशी?"

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. ते सुप्याच्या एका कारखान्यात कामाला आहेत, रात्रपाळी करून तसेच आले होते. आमच्या योजनेचे प्रमुख कुलकर्णी सर. त्यांच्या खोलीत आम्ही सगळे उभे. सरांनी विचारलं तेव्हा मी छाती पुढे काढून सांगितलं, "सर, फाटकावर मी होतो. उचलून एकही सायकल गेली नाही. जी गेली ती चावीने उघडूनच गेली."

सुषमाचे वडील माझ्या कमरेकडे बघत राहिले. माझ्या पट्ट्याला चाव्यांचा जुडगा लटकत होता.

त्या जुडग्याविषयी सांगायला हवं. स्टँडवर पडलेल्या, विसरलेल्या, जुन्या कुलपांच्या चाव्या चाचा एका तारेत ओवून ठेवतात. कुणाची चावी हरवली, तर आधी बिघाडांची परीक्षा, मग या जुडग्यातली एकेक चावी लावून बघायची. निम्म्या वेळा एखादी लागते. ही साधी कुलपं तशीच असतात. त्या रविवारी चाचा आत असल्यामुळे जुडगा माझ्याकडे होता.

"मी पोरावर आळ घेत नाही," सुषमाचे वडील सरांना म्हणाले. "पन तोच म्हनतो, चावीनं गेली. आमच्या चाव्या दोन, दोन्ही घरात हायेत. मग तिसरी कुनाकडं असनार?"

सुषमा खाली बघत होती. चाचा म्हणाले, "सर, जुडगा माझा हाय. विचारायचं तर मला विचारा." पण फाटकावर मी होतो, आणि ते मीच सांगितलं होतं.

कुलकर्णी सर रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "विष्णू, मी तुला चोर म्हणत नाही. पण काही उलगडेपर्यंत तू स्टँडवर नको. बागेत काम कर. नव्या सत्राच्या यादीत तुझं नाव ठेवायचं की नाही, ते तेव्हा बघू."

योजनेत नाव असलं तर वसतिगृहात राहता येतं. नाव गेलं तर वसतिगृह जाणार. ते गेलं तर नगरमध्ये मला राहायला जागा नाही, आणि गावी घराला कुलूप. आमच्याकडे दसरा झाला की अर्धं गाव ऊसतोडीला जातं. आईवडील तेव्हा नुकतेच टोळीबरोबर दूर एका साखर कारखान्यावर गेले होते. मला तिथेच जावं लागलं असतं. कोयत्याची मला लाज नाही, त्याच्यावरच मी शिकलो. पण चोर म्हणून तिथे जायचं, हे मला सहन होत नव्हतं.

चाचांनी मनावर घेतलं. त्यांचा तर्क असा होता, की चोर मुरलेला आहे, घासलेली चावी घेऊन आला आणि परीक्षेच्या गर्दीचा फायदा घेऊन गेला. "निळी सायकल. बिनगिअरची. म्हणजे ती शहरात विकत नाही कुणी. जिथे माणसाला कामावर जायला सायकल लागते तिथे विकतात."

सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं फिरायचो. जुन्या सायकलींच्या दुकानांत चाचांना सगळे ओळखायचे. ते हळूच विचारायचे, "निळी आली का? मोठ्या घंटीची?" दुकानदार मान हलवायचे. भंगारच्या गोदामात आम्ही सायकलींच्या सांगाड्यांचे ढीग पाहिले. तिथे मला पहिल्यांदा कळलं, की एका शहरातून किती सायकली हरवत असतील. चाचा एका सांगाड्यावरून हात फिरवत म्हणाले, "ही माझ्या दुकानातली असेल." मग म्हणाले, "नसेल. आता सगळ्याच माझ्या वाटतात."

सुप्यालाही गेलो. कारखान्याची पाळी सुटली आणि फाटकातून सायकलींची रांग बाहेर पडली. त्यात एक निळी. चाचांनी मला कोपराने ढोसलं. सायकलवर बिहारकडचा एक कामगार होता. चाचांनी त्याच्याशी गोड बोलून सायकलीचं कौतुक केलं, आणि मग सहज विचारलं, "कुछ खराबी है क्या इसमें?"

त्या माणसाने एकदम स्टँड लावला आणि खाली बसून दाखवायला सुरुवात केली. हा स्पोक तुटलाय, हा टायर दोनदा शिवलाय, ही चेन उन्हाळ्यात ढिली होते. इतक्या मायेने सांगत होता, की शेवटी चाचांनीच त्याच्या चेनला तेल घालून दिलं. परत येताना बसमध्ये बसलो. वाटेत चाचा म्हणाले, "एक बरं झालं. गरिबाची निघाली, चोराची नाही निघाली." मला मात्र रडू येत होतं.

बागेतलं काम मी करत होतो. आळी करायची, पाणी घालायचं. बागेच्या भिंतीला स्टँडवरच्या बेवारस सायकली लावून ठेवलेल्या असतात. महिनाभर कुणी न्यायला आलं नाही, की चाचा त्या उचलून तिथे आणतात. एक दिवस पाणी घालून झालं आणि मला वसतिगृहात जावंसं वाटेना. तिथे मुलं माझ्यासमोर आपल्या सायकलींच्या चाव्या खिशात टाकताना उगाच मोठ्याने वाजवायची. गमतीने करायची, पण मला ते लागायचं. म्हणून मी पान्हा घेऊन त्या बेवारस सायकलींपाशी बसलो. तेव्हापासून रोज बसायला लागलो. एकीची ट्यूब जोडली, दुसरीचा ब्रेक. त्यातच एक गंजकी निळी होती, फार हाल झालेली. डाव्या पायडलचा नुसता दांडा उरला होता, त्यावर हिरव्या कापडाची चिंधी गुंडाळलेली. मी भंगारातून आणलेलं पायडल तिला बसवलं. चिंधी टाकवली नाही, कुणीतरी घट्ट, नीट गुंडाळली होती. ती कॅरिअरला बांधून ठेवली. तिचा स्टँड घसरत होता, त्याची स्प्रिंग बदलली. घंटी वाजत नव्हती. उघडली तर आत माशीने मातीचं घर केलेलं, रिकामं. ते खरवडून काढलं आणि वाजवून पाहिली. फार मोठा आवाज नव्हता, पण वाजली.

सुषमा आता दोन जीपा बदलून यायची आणि पहिला तास तिचा बुडायचा. एकदा बागेपाशी थांबली. मी खाली मान घालून खुरपत होतो.

"ए विष्णू," ती म्हणाली. "बाबा काही म्हणू देत. तू घेतली असतीस तर आधी ती घंटी काढून फेकली असतीस. एवढी वाजणारी सायकल कोण चोरतं?"

मी हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो असेन. पण तिने म्हणून काय होणार होतं? यादी सर करणार होते.

हे सगळं मी घरी सांगितलं नव्हतं. आई अधूनमधून फोन करायची. त्यांच्या तळावर, म्हणजे तोडणीवाल्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, जिथे असतात तिथे, रेंज नसते. ती कालव्याच्या भरावावर चढून फोन करते आणि वारा असला तर ओरडून बोलते. संक्रांत जवळ आली होती. तिने विचारलं, "काय करायलास? जेवलास का?" मी म्हणालो, जेवलो. ती मग म्हणाली, "इष्नू, तुजा आवाज बारीक येतुया. रेंज न्हाई म्हनू नगंस. माझी रेंज चांगली हाय."

मी सगळं सांगितलं. आणि शेवटी बजावलं, "आई, हे कुणाला सांगू नकोस. टोळीत तर मुळीच नको."

"मी कशाला सांगू?" ती म्हणाली.

तिने तळावर सगळ्यांना सांगितलं. कालव्यावर धुणं धुताना सांगितलं, मोळ्या बांधताना सांगितलं, मुकादमाच्या बायकोलाही सांगितलं. ज्याला सांगेल त्याला म्हणायची, माझ्या पोरावर आळ आलाय, निळ्या सायकलीचा, मोठ्या घंटीच्या. वडिलांनी फोनवर मला हे कळवलं तेव्हा मला धरणी दुभंगावी असं वाटलं. आता गावी परत जायलाही तोंड उरलं नाही, असं वाटलं. वडील म्हणाले, "तिला आवरून आवरंना. तुला ठावं हाय ती."

नव्या सत्राची यादी लागायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. सकाळी मी बागेत होतो. आईचा फोन आला. ती सकाळी कधी फोन करत नाही, तेव्हा ती फडात असते. हातातलं खुरपं टाकून मी फोन घेतला.

"इष्नू! घावली रं!"

"काय घावली?"

"सायकल! आमच्या शेजारच्या कोपीत ठकूबाई हाय, पाथर्डी रोडच्या एका गावची. तिची पोर काजल. म्या घंटीचं सांगितलं तवा ती पोर म्हनली, आमची बी सायकल एका दिसात नवी झाली हुती! थांब, तिच्याशीच बोल."

वाऱ्याचा आवाज आला. मग एक मुलगी बोलायला लागली. घाबरलेली होती, एका दमात सांगत सुटली. तिच्या चुलतभावाची जीप चुकली म्हणून परीक्षेला तो तिची सायकल घेऊन नगरला आला होता. संध्याकाळी परत आला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांची टोळी निघायची होती. सायकल घरात घेताना हिचा हात घंटीला लागला, "तर दादा, एवढी वाजली, कोंबड्या उडाल्या. म्या म्हनलं, ही माझी न्हाई. तर तो म्हनला, येडी हायस का, चावी लागली म्हंजी तुजीच. ट्रक उभा हुता. आईनं घराला कुलूप लावलं, अन आमी आलो. ती सायकल तवापासनं आमच्या घरात हाय. किल्ली शेजारच्या म्हातारीपाशी हाय. दादा, आमी चोर न्हाई हां."

मी म्हणालो, "नाही, नाही." ती मग हळूच म्हणाली, "माझी तिकडं राहिली असंल. हाय का? निळीच हाय."

मी भिंतीपाशी उभा होतो. समोर सायकली होत्या, त्यात निळ्या तीन. माझ्या तोंडून आपोआप चाचांचा प्रश्न निघाला.

"तुझ्या सायकलीत काय काय बिघाड आहे?"

"लई हायेत," ती म्हणाली. आता तिचा आवाज मोकळा झाला होता. "स्टँड घसरतो, खाली दगड लावावा लागतो. डावं पायडल मोडलंय, त्याला म्या आईच्या लुगड्याची चिंधी बांधलीया, हिरवी. अन घंटी वाजत न्हाई. आत माशीनं घर केलंय. म्या काढनार हुते, पन आत पिल्लं हुती."

मी त्या गंजक्या सायकलीसमोर बसलो. पायडल माझं, स्प्रिंग माझी, घंटी मी साफ केलेली. त्यातली एकही खोड उरली नव्हती. फक्त कॅरिअरला ती चिंधी होती.

"हिरवी चिंधी आहे," मी म्हणालो. "आणि माशीचं घर रिकामं झालं होतं. पिल्लं उडून गेली होती."

पलीकडे ती ओरडली, "घावली गं आई, माझी बी घावली!" मग फोन कुणाच्या तरी हातातून कुणाच्या तरी हातात जात राहिला, खूप बायका एकदम बोलत होत्या. त्या गलक्यात लांबून मला माझ्या आईचा आवाज ओळखू आला. ती माझ्याशी बोलत नव्हती. साऱ्या तळाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगत होती, "म्या म्हनलं नव्हतं का? माझ्या इष्नूनं न्हाई घेतली म्हनून!"